वर्खाची पावले : कोरिनचा पडदा आणि सोने कुटणारे हात

एका चित्राविषयीची मूलभूत माहिती दहा वर्षांच्या आत दोनदा उलटली आणि दोन्ही वेळा त्या चित्राची स्तुती मात्र होती तशीच राहिली. असे घडते तेव्हा चित्रावर शंका घेण्याचे कारण नसते, पण स्तुतीवर जरूर घ्यावी. माहिती कशीही फिरली तरी जी स्तुती जागची हलत नाही, ती चित्राकडे पाहून केलेली नसते. चित्रकाराच्या नावाकडे पाहून केलेली असते. ओगाता कोरिनच्या एका प्रसिद्ध पडद्याच्या निमित्ताने हे मला दिसले. त्याच्या मागोमाग गेल्यावर जपानी वर्खकामाविषयी जे हाती लागले, ते येथे मांडतो.

कलेतिहास मी कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. पंचवीसेक वर्षे छापखान्यात काढली. त्यामुळे सोन्याविषयी एक गोष्ट फार लवकर कळली, ती म्हणजे सोने छापता येत नाही. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांतून सोन्याचा जो भास तयार होतो तो शेवटी मोहरीसारखा पिवळा किंवा मातकट तपकिरी असतो. लग्नपत्रिकेवरची चकाकणारी अक्षरे ज्या फॉइलने उठवतात त्यात बहुधा सोन्याचा कणही नसतो. अॅल्युमिनिअमचा पातळ थर आणि त्यावर पिवळट लाख, एवढेच. तेव्हा जपानी पडद्यांची रंगीत पुस्तके पाहून ‘सोनेरी पार्श्वभूमी’ असे आपण लिहितो, तेव्हा एका पिवळ्या शाईविषयी लिहीत असतो. वर्ख म्हणजे सोनेरी रंग नव्हे. तो धातूचा पृष्ठभाग आहे आणि समोरून, बाजूने, सकाळी, दिव्याच्या उजेडात तो वेगवेगळा दिसतो. समीक्षेची सुरुवात या फरकापासून व्हायला हवी.

१

कोरिन (१६५८–१७१६) हा क्योटोचा. त्याच्या घराण्याचे ‘कारिगानेया’ नावाचे उंची किमोनो-वस्त्रांचे दुकान होते. त्याच्या अखेरच्या काळातली ‘तांबडा आणि पांढरा उमे’ ही पडद्यांची जोडी जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली आहे. उमे हे प्लमच्या कुळातले, थंडी सरता सरता फुलणारे झाड. घडीच्या पडद्याला जपानीत ‘ब्योबु’ म्हणतात. या जोडीतल्या प्रत्येक पडद्याला दोन पाने आहेत आणि प्रत्येक पडदा सुमारे १५६ सेंटिमीटर उंच व १७२ सेंटिमीटर रुंद आहे. उजवीकडे तांबडा उमे, डावीकडे पांढरा आणि दोहोंच्या मधून वरून खाली रुंद होत येणारी काळी नदी. पांढऱ्या उमेचे खोड चौकटीबाहेर निघून जाते आणि त्याची एक फांदी वरून पुन्हा आत झुकते. नदीच्या अंगावर भोवऱ्यांची वळणदार नक्षी आहे. मागे सगळे सोने. हे पडदे अतामी येथील एमओए कलासंग्रहालयात आहेत आणि दर वर्षी उमे फुलण्याच्या हंगामात काही आठवडे मांडले जातात.

मागचे सोने म्हणजे वर्ख, असे सगळेच धरून चालले होते. तसे धरायला कारणही होते. सोन्यावर बारीक चौकटींची जाळी दिसते. वर्खाची चौकोनी पाने शेजारी शेजारी लावताना एकाची कड दुसऱ्यावर किंचित चढवावी लागते आणि त्या चढलेल्या पट्टीत सोने दुहेरी होते. या पट्ट्यांना जपानी कारागीर ‘हाकु-आशी’ म्हणतात. ‘हाकु’ म्हणजे वर्ख आणि ‘आशी’ म्हणजे पाय किंवा पाऊल. मी मराठीत ‘वर्खाची पावले’ म्हणतो. वर्ख लावणारा कुठून कसा चालत गेला, ते या पावलांवरून कळते.

२००३-०४ साली टोकिओच्या सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेने या पडद्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली. निष्कर्ष धक्कादायक होता : पार्श्वभूमी वर्खाची नसावी, सोन्याची भुकटी किंवा रंगद्रव्य वापरून ती रंगवलेली असावी आणि ती चौकटींची जाळीदेखील काढलेली असावी. नदीत चांदीचा वर्ख असल्याचेही आढळत नाही. मग नव्या उपपत्ती आल्या. कोरिन कापड-व्यापाऱ्याच्या घरचा; तेव्हा नदीची नक्षी कापडावर छापतात तशी कागदी साच्यांतून रंग देऊन उमटवली असेल, असे सुचवले गेले.

नंतर २०१०-११ मध्ये टोकिओ विज्ञान विद्यापीठाचे नाकाइ इझुमी यांच्या गटाने, जागेवर नेता येतील अशी अधिक सूक्ष्म उपकरणे घेऊन, तपासणी पुन्हा केली आणि पहिला निष्कर्ष उलटला. मागे सोन्याचा वर्खच आहे आणि नदीत चांदी आहे.

आता स्तुतीकडे पाहू. सोने रंगवलेले आहे असे ठरले तेव्हा कोरिन अद्भुत होता, कारण त्याने हाताने वर्खाचा इतका हुबेहूब आभास निर्माण केला. वर्खच आहे असे ठरल्यावरही तो अद्भुत, कारण त्याने वर्खासारख्या निर्जीव पृष्ठभागाला श्वास दिला. या दोन्ही वाक्यांत कर्ता एकच आहे. पण दुसरे वाक्य खरे असेल तर त्या सोन्याचा कर्ता कोरिन नाही. वर्ख चित्रकार बनवत नसे. तो त्याच्याकडे तयार होऊन येई. म्हणजे ज्या पृष्ठभागाने हे चित्र अर्धेअधिक व्यापले आहे तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातचा आहे. स्तुतीने ही दखल घेतली नाही आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

२

वर्ख आपल्याला परका नाही. दिवाळीच्या काजूकतलीवर चांदीचा वर्ख असतोच. पण आपल्याकडे तो परंपरेने जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून कुटला जाई. युरोपातही बैलाच्या आतड्याची पातळ त्वचा वापरत. जपानी वर्खाचे वैशिष्ट्य असे की तो कागदात कुटला जातो.

आज जपानच्या सोन्याच्या वर्खापैकी जवळजवळ सगळा, ९८ टक्क्यांहून अधिक, कानाझावा या एका शहरात तयार होतो. तिथल्या जुन्या पद्धतीला ‘एन्त्सुके’ म्हणतात. सर्वाधिक चालणाऱ्या एका मिश्रणात सोने सुमारे ९४.४ टक्के, चांदी ४.९ आणि तांबे ०.७ टक्के असते. हे मिश्रण वितळवून, लाटून त्याची पट्टी करतात आणि तुकडे कागदांच्या थप्पीत ठेवून कुटत जातात. इथे दोन वेगळे धंदे आहेत. पहिला कारागीर सोने सुमारे एक हजारांश मिलिमीटर जाडीपर्यंत आणतो आणि दुसरा तिथून पुढे एक दशहजारांश मिलिमीटरपर्यंत नेतो. दहा येनच्या नाण्याएवढ्या लहानशा तुकड्यातून एक ततामी चटई झाकेल एवढा वर्ख निघतो, असे तिथे सांगतात. इतका पातळ वर्ख उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट प्रकाश आरपार येतो. बोटाने तो उचलता येत नाही. बांबूच्या चिमट्याने आणि फुंकरीने हलवावा लागतो आणि हरणाच्या कातड्यावर ठेवून बांबूच्या चौकटीने कापावा लागतो.

पण खरी विद्या कागदात आहे. गाम्पी नावाच्या झुडपाच्या सालीचा हातकागद घेऊन तो भाताच्या पेंढ्याच्या राखेच्या निवळीत, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या काकी फळाच्या तुरट रसात आणि अंड्याच्या बलकात भिजवतात, वाळवतात, कुटतात, पुन्हा भिजवतात. कागद मऊ, गुळगुळीत आणि तापलेल्या सोन्याला न चिकटणारा होईपर्यंत हे चालते. सोने कुटायला लागणाऱ्या वेळापेक्षा कागद तयार करायला कितीतरी अधिक वेळ जातो. हा कागद पुन्हा पुन्हा वापरून जीर्ण झाला की चेहऱ्यावरचे तेल टिपायला विकला जातो आणि त्या कामी तो इतका चांगला की क्योटोच्या नर्तकींमध्ये त्याची ख्याती होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बनलेल्या, काजळीचा लेप दिलेल्या ग्लासिन कागदात कुटण्याची ‘ताचिकिरी’ ही जलद पद्धत आली. तिच्यात पाने एकेक न कापता थप्पीने कापतात. आज बहुतांश वर्ख तसाच बनतो. एन्त्सुके पद्धत थोड्या हातांत उरली आहे आणि २०२० साली जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची जी सतरा कौशल्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली, त्यांत तिचा समावेश झाला.

वर्ख हा सत्तेचाही विषय होता. १६९६ साली तोकुगावा शासनाने एदो येथे ‘हाकुझा’ म्हणजे वर्खावर देखरेख ठेवणारी पेढी काढली आणि इतरत्र वर्ख कुटण्यावर निर्बंध आले. कानाझावाच्या कारागिरांना उघडपणे काम करण्याची मुभा मिळायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. कोरिनचे पडदे या निर्बंधांच्या काळातले आहेत. म्हणून त्यांवरचा वर्ख आजच्या प्रसिद्ध शहरातून आलेला असण्यापेक्षा क्योटो किंवा एदोच्या मान्यताप्राप्त कारखान्यातला असणे अधिक संभवते. त्या कारखान्यातल्या माणसाचे नाव चित्रावर नाही. कोरिनची सही आणि मोहोर मात्र दोन्ही पडद्यांवर आहे.

३

नाकाइ यांच्या गटाने वर्ख ओळखला कशावरून? दोन पुराव्यांवरून आणि दोन्ही पुरावे मला अतिशय मोलाचे वाटतात.

पहिला पुरावा पावलांचा. ज्या पट्ट्या ‘काढलेल्या’ असाव्यात असे आधी वाटले होते, तिथे सोन्याचे प्रमाण शेजारच्या भागाच्या सुमारे दुप्पट भरले. रंगवलेल्या रेघेत असे नेमके दुप्पट सोने येण्याचे कारण नाही. एका पानावर दुसरे पान चढते तेव्हाच असे होते.

दुसरा पुरावा सोन्याच्या आतला. धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समूह. सोन्याची भुकटी सरसात कालवून रंगासारखी लावली, तर हे स्फटिक कसेही, सगळ्या दिशांना तोंड करून पडतात. पण सोने दीर्घकाळ कुटत गेले तर त्यातले स्फटिक एका विशिष्ट दिशेने बसत जातात. क्ष-किरणांच्या विवर्तनाने ही शिस्त मोजता येते. कोरिनच्या सोन्यात ती सापडली. त्या सोन्यावर हातोडा पडलेला होता.

या ठिकाणी मी वाचताना थांबलो. तीनशे वर्षांपूर्वी कोण्या माणसाने कागदाच्या थप्पीवर जे घाव घातले, त्यांचा ठसा सोन्याच्या स्फटिकांत अजून आहे. त्याची सही नाही, नोंद नाही, चित्राच्या इतिहासात त्याचा उल्लेख नाही. पण चित्र खरे कशाचे आहे हा वाद जेव्हा पेटला तेव्हा साक्ष त्याच्याच कामाने दिली. कोरिनच्या रेषेने ती दिली नाही. देऊ शकतही नव्हती. ‘नाव नसलेले कारागीर’ असे म्हणताना आपण थोडे हळहळतो आणि पुढे जातो. इथे हळहळण्यासारखे काही नाही. इथे पुरावा आहे आणि समीक्षेने पुरावा वाचायचा असतो.

आजच्या १०.९ सेंटिमीटरच्या चौरस पानांनी यातला एक पडदा पूर्ण झाकायचा तर साधारण अडीचशे पाने लागतील. प्रत्येक पानाची कड सरळ ठेवत, शेजारच्या पानावर काही मिलिमीटर चढवत, फाटू न देता. त्या जाळीला मी आता चित्राची पहिली रचना मानतो. तिच्या उभ्या-आडव्या शिस्तीवरच उमेच्या फांद्या तिरक्या, वेड्यावाकड्या जातात. जाळी नसती तर त्या वाकड्या फांद्यांना कशाशी भांडायचे होते? खोडांवर कोरिनने ओल्या रंगात दुसरा ओला रंग सोडला आहे. तो पसरून शेवाळासारखा ठिपका झाला आहे. ही पसरट ओल आणि वर्खाची कोरडी चौकट यांच्यामधला ताण हा चित्राचा जीव आहे. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द वापरला की तो ताण दिसेनासा होतो, कारण पार्श्वभूमी मागे असते आणि मागच्याकडे कोणी पाहत नाही.

४

चांदीची गोष्ट सोन्याहून वेगळी आहे. सोने हवेत बदलत नाही. चांदी बदलते, हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन काळी पडते. देव्हाऱ्यातली चांदीची समई ज्यांनी घासली आहे त्यांना हे सांगायला नको. जपानी पडद्यांवर चांदीच्या वर्खाने काढलेले कितीतरी चंद्र आज काळे आहेत.

कोरिनच्या नदीत चांदीबरोबर गंधकही सापडले. आता मांडली जाणारी कृती अशी : नदीच्या भागावर चांदीचा वर्ख लावायचा, भोवऱ्यांच्या रेषा सरस आणि तुरटीच्या पाण्याने काढायच्या, म्हणजे तिथली चांदी झाकली जाईल, मग गंधक वापरून उरलेली चांदी काळी करायची. रेषा झाकलेल्या जागी उजळ राहतात, बाकी नदी काळी. म्हणजे ही नदी काळवंडलेली नाही, काळी केलेली आहे.

हा फरक समीक्षेच्या दृष्टीने मोठा आहे. जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली सावल्यांच्या सौंदर्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात चकचकीत चांदीपेक्षा काळवंडलेली चांदी जपानी मनाला प्रिय आहे, असे प्रतिपादन आहे. सोन्याविषयीही त्यांनी फार मोलाचे सांगितले : अंधाऱ्या दालनात वर्खाचे सोने दूरच्या दाराकडून येणारा उजेड पकडते आणि परत देते, ते श्रीमंती दाखवायला नसून प्रकाश साठवायला आहे. वीज नसलेल्या घरात मेणबत्तीशेजारी हा पडदा कल्पून पाहावा. जाळीतली पाने प्रत्येकी किंचित वेगळ्या कोनात बसलेली असतात, म्हणून ज्योत हलली की सोने एकसाथ न चमकता चौकोना-चौकोनाने चमकते. हे तानिझाकींमुळे आपल्याला दिसू लागले आणि त्यांचे ऋण मान्य करायलाच हवे.

पण तानिझाकींच्या निबंधात काळपटपणा ही काळाची देणगी आहे. वस्तू वापरली जाते, हात लागतात, वर्षे जातात आणि रंग खोल होतो. कोरिनने वर्षांची वाट पाहिली नाही. त्याने गंधक आणून काळाचे काम एका दिवसात करून घेतले. एका बाजूला कधीही न बदलणारे सोने, मध्ये जन्मतःच म्हातारी केलेली चांदी आणि दोन्ही काठांवर दर वर्षी नव्याने फुलणारे उमे. तीन प्रकारचे वय त्याने तीन वेगवेगळ्या पदार्थांनी शेजारी शेजारी ठेवले. हा अर्थ मी चित्रावर लादत नाही. तो वर्खाच्या रसायनातून निघतो. नदी साच्यातून रंगवलेली असती तर तो निघाला नसता. म्हणूनच २०१०-११ ची तपासणी ही निव्वळ तांत्रिक बाब नव्हती. तिने चित्राचा अर्थ बदलला.

कोरिननंतर शंभर वर्षांनी साकाइ होइत्सु (१७६१–१८२८) याला हे कळलेले दिसते. कोरिनने सोन्याच्या वर्खावर वारा आणि वीज यांचे देव काढले होते. त्याच पडद्यांच्या पाठीवर होइत्सुने चांदीच्या वर्खावर गवते काढली : विजेच्या देवामागे पावसाने झोडपलेली उन्हाळी झाडे आणि वाऱ्याच्या देवामागे वाऱ्याने झुकलेली शरदातली. पुढे सोन्यात देव, मागे चांदीत त्यांच्या करणीचे परिणाम. न बदलणाऱ्या धातूवर न मरणारे, बदलणाऱ्या धातूवर मरणारे. जतनासाठी आता दोन्ही बाजू वेगळ्या करून स्वतंत्र पडदे केले आहेत. ते टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जतनाची गरज मला मान्य आहे. तरी एकाच पडद्याची पाठ आणि पोट असण्यातच त्या जोडीचा अर्थ होता आणि तो आता पाहणाऱ्याला मनात जुळवून घ्यावा लागतो.

५

वर्खाकडे न पाहता सोन्याकडे पाहिले की काय होते, याचे उदाहरण क्योटोच्या किन्काकुजी या सुवर्णमंडपात आहे. १९५० साली तो जाळला गेला, १९५५ मध्ये पुन्हा उभा राहिला. नेहमीच्या जाडीचा वर्ख ऊन-पावसात तग धरेना. वर्खातून आरपार जाणाऱ्या उन्हाने खालची उरुशी लाख खराब होऊ लागली. म्हणून १९८७ मध्ये पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत पाचपट जाड वर्ख वापरला. सुमारे दोन लाख पाने, वीस किलो सोने. आज पर्यटक पाहतात ते हे सोने. ते लखलखीत आहे आणि उघड्यावरच्या इमारतीसाठी तो निर्णय योग्यच होता. पण जपानी सोने म्हणजे काय, याचा नमुना म्हणून तो मंडप डोळ्यांसमोर ठेवला तर पडद्यावरचे सोने कळायचे नाही. पडद्याचा वर्ख सावलीतल्या दालनासाठी कुटलेला असतो आणि त्याचे सगळे सामर्थ्य त्याच्या पातळपणात असते. सोने जितके कमी, तितके कुटणाऱ्याचे कौशल्य अधिक.

हेच सूत्र मला शेवटी महत्त्वाचे वाटते. सोन्याची किंमत वजनावर ठरते. वर्खाची ठरते वजन किती नाहीसे केले यावर. म्हणून वर्खाला सोन्याच्या मापाने मोजणारी समीक्षा, मग ती वैभवाचे कौतुक करणारी असो की वैभवावर टीका करणारी, सारखीच चुकीच्या तराजूत बसते. कोरिनच्या पडद्यावरचे सगळे सोने गोळा केले तर ते मूठभरही होणार नाही. उरलेला पसारा कागदाचा, राखेच्या पाण्याचा, काकीच्या रसाचा आणि घावांचा आहे.

यातून एक साधी शिस्त सुचते. संग्रहालयातल्या पाटीवर चित्रकाराचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि अगदी खाली बारीक अक्षरांत साहित्य लिहिलेले असते : कागदावर रंग, सोन्याचा व चांदीचा वर्ख. ती खालची ओळ आधी वाचावी, मग चित्र पाहावे आणि नाव त्यानंतर. या क्रमाने पाहिले तर कोरिन लहान होत नाही. तो कोणाच्या हातून काय घेऊन उभा होता आणि त्यात स्वतःचे नेमके काय घातले, ते स्वच्छ दिसते. आज कानाझावात हातकागद कमवून वर्ख कुटणारी थोडी माणसे उरली आहेत. पुढच्या पिढीने हे काम उचलले नाही, तर अशा पडद्यांच्या दुरुस्तीला योग्य वर्ख मिळणे कठीण होईल. त्यांच्या कामाला ‘पार्श्वभूमी’ म्हणणे आपण थांबवले तर तेवढाच आपल्या बाजूने हातभार.